मेमरी मोकळी, तरी ‘कॅनॉट ॲलोकेट’: ह्यूज पेजेस आणि ओव्हरकमिटचा गुंता सुटला

मागच्या नोंदीत पोस्टग्रेस या डेटाबेससाठी ह्यूज पेजेस, म्हणजे नेहमीच्या ४ केबीऐवजी २ एमबीची मेमरीची मोठी पानं, आधीच राखून ठेवायचं ठरवलं होतं. तो भाग चोख बसला. मशीन तेच: १६ जीबी रॅम, डेबियन १२, पोस्टग्रेस १५, शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची सामाईक कॅशे) ४ जीबी. पोस्टग्रेस बंद असताना ‘पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस’ चालवलं की किती पानं लागतील तो आकडा थेट हातात येतो. त्यावर थोडी भर घालून २ एमबीची २,२०० पानं राखली, म्हणजे साधारण ४.३ जीबी. पोस्टग्रेसची ‘ह्यूज_पेजेस’ ही सेटिंग मात्र ‘ऑन’च ठेवा. ‘ट्राय’वर पानं कमी पडली तर पोस्टग्रेस गुपचूप साध्या पानांवर सुरू होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता डोकेदुखी. मुंबईचा ओपनस्ट्रीटमॅप नकाशा ओएसएमटूपीजीएसक्यूएल या साधनाने पोस्टग्रेसमध्ये भरताना इंडेक्स बांधणी सुरू झाली की लॉगमध्ये ‘कुड नॉट फोर्क न्यू प्रोसेस फॉर कनेक्शन: कॅनॉट ॲलोकेट मेमरी’, म्हणजे मेमरी मिळत नाही म्हणून नव्या कनेक्शनसाठी प्रोसेस सुरू करता येत नाही. आणि ‘फ्री’ कमांड बघावी तर अव्हेलेबलमध्ये ७ जीबी दिसतात! शेअर्ड बफर्स घटवून, वर्क_मेम (क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामांची मेमरी) कमी करून काही फरक पडला नाही, कारण दुखणं तिथे नव्हतंच.

उत्तर मिळालं ‘प्रॉक मेमइन्फो’मधल्या दोन ओळींत: कमिटलिमिट (कर्नल एकूण किती मेमरी कबूल करेल ती मर्यादा) आणि कमिटेड_एएस (आतापर्यंत कबूल केलेली). ओव्हरकमिट म्हणजे आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करणं. आपण कर्नलची ओव्हरकमिट_मेमरी ही सेटिंग २ वर ठेवतो, म्हणजे कर्नल या मर्यादेपलीकडे कुणालाही मेमरीचा शब्द देत नाही. मर्यादा ठरते अशी: एकूण रॅममधून ह्यूज पेजेस वजा, उरलेल्याचे ओव्हरकमिट_रेशोइतके टक्के, अधिक स्वॅप. रेशो मुळात ५० असतो. कर्नलला दिसते १५.५ जीबी, त्यातून ४.३ गेली, ११.२ उरली, तिची निम्मी ५.६, वर २ जीबी स्वॅप. झाली ७.६ जीबी. ह्यूज पेजेस राखण्याआधी हीच मर्यादा पावणेदहा होती. म्हणजे पानं राखली तशी मर्यादा आपोआप आक्रसली.

दुसरीकडे कमिटेड_एएस वापरलेली मेमरी मोजत नाही, मागितलेली मोजतो. इंडेक्सच्या चार प्रोसेस आणि प्रत्येकीला मेंटेनन्स_वर्क_मेम (इंडेक्स बांधणीची मेमरी) १ जीबी, इथेच ४ जीबी संपले. त्याच मशीनवरच्या थ्रेडवाल्या प्रोग्रॅमचा प्रत्येक थ्रेड स्टॅकसाठी ८ एमबी अडवून बसतो, प्रत्यक्षात वापरो न वापरो.

रेशो ८० केला आणि मर्यादा ११ जीबीच्या जवळ गेली. भरणी शेवटपर्यंत सुरळीत झाली, लॉगमध्ये एक तक्रार नाही. फार समाधान वाटलं.

पण हे लिहिताना याहून चांगला मार्ग दिसतोय. टक्केवारीऐवजी ‘ओव्हरकमिट_केबाइट्स’ दिलं तर हिशेबातून ह्यूज पेजेस वजा होत नाहीत. दिलेला आकडा अधिक स्वॅप, बस्स. उद्या बफर्स वाढवले तरी मर्यादा मुकाट्याने सरकणार नाही. ९ जीबी म्हणजे ९४३७१८४. एक खबरदारी: रेशो आणि केबाइट्स यातलं एक लिहिलं की दुसरं शून्य होतं. कर्नलच्या सेटिंग्जच्या (सिस्कटीएल) जुन्या फाइलमध्ये रेशोची ओळ राहिली आणि ती नंतर वाचली गेली तर तीच जिंकते, म्हणून ती ओळ काढूनच टाका. पानांची संख्या वाढवताना मात्र ९ जीबीचा आकडा हाताने कमी करायचा. रूटसाठी राखीव मेमरी ठेवणारं ‘ॲडमिन_रिझर्व्ह_केबाइट्स’ही १३१०७२ करा, मर्यादा भरली तर रूटला आत शिरून काही बंद करता आलं पाहिजे.

ही कटकट सोसून मोड २ सोडायचा नाही, यावर मी ठाम आहे. मोड २ नसेल आणि मेमरी संपली, तर कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस मारून जागा करतो. त्याने पोस्टग्रेसच्या एका बॅकएंडला (एका कनेक्शनच्या प्रोसेसला) एसआयजीकिल मारला की पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, सगळी कनेक्शन्स तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीला लागतो. त्यापेक्षा एखाद्या क्वेरीला नकार मिळालेला परवडतो.

डिस्कबद्दल थोडक्यात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सर्व्हरमधून निघालेले, पॉवर लॉस प्रोटेक्शनचे (वीज गेली तरी हातातलं लिखाण पूर्ण करणारे) कपॅसिटर असलेले एसएसडी मिळतात. डेटाबेससाठी नव्या चकचकीत घरगुती ड्राइव्हपेक्षा मी तेच घेईन, पण दुकानातच डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलवर झीज आणि चालू तास बघून. घरी आल्यावर पीजी_टेस्ट_एफसिंक, म्हणजे डिस्क सेकंदाला किती वेळा खात्रीने लिहिते ते मोजणारं साधन. ७,२०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क लावलेल्यांनीही चालवा: सेकंदाला १२० फेऱ्या होतात, आणि आकडा त्याच्या कितीतरी वर गेला तर डिस्क कॅशेमधूनच ‘लिहिलं’ म्हणतेय.

पुढचा बेत बॅकअपचा होता, तो मागे ढकलतोय. पावसाळ्याआधी यूपीएस नटला (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडायचा आहे. स्वस्त यूपीएसच्या यूएसबीला बहुधा ‘नटडीआरव्ही_क्यूएक्स’ हा नटचा ड्रायव्हर चालतो, पण बॅटरीचे टक्के त्यात अनेकदा अंदाजानेच येतात. म्हणून टक्क्यांवर न जाता वीज गेल्यापासून ठरलेल्या सेकंदांनी मशीन बंद करायचं टायमर लावतोय. कुणाकडे नटच्या या टायमरची, म्हणजे ‘यूपीएसशेड’ची, चालती फाइल असेल तर टाका.