तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन बसवलं, तरी गोळ्या?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मेडिकलच्या काउंटरवर, प्रश्न तोच. "अगं, डोक्यात मशीन बसवलंस ना? मग गोळ्या कशाला अजून? आणि फिट येतेच म्हणजे फसलंच की!" आजवर "चाललंय" म्हणून सटकत आले. एकदाचं सांगून टाकते. मला अपस्मार आहे, आणि ते मशीन म्हणजे झटके कमी व्हावेत म्हणून मेंदूत घातलेल्या तारांतून करंट सोडणारं यंत्र.

फसलेलं नाही. पण मी बरीही झालेले नाही. ते यंत्र गोळ्यांच्या जागी नसतं, गोळ्यांच्या जोडीला असतं. हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऑपरेशनच्या आधीच ऐकलं होतं, तुम्ही माझ्याकडून ऐकायला तयार नसता.

"तो भाग कापूनच का नाही टाकला?" हा दुसरा प्रश्न. माझे झटके मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल, म्हणजे कानांजवळच्या भागांतून सुरू होतात. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण त्यानंतर जन्मभर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. म्हणून मला ती वाट नव्हतीच.

आता हे ऑपरेशन का केलं ते. माझी फिट सिनेमातल्यासारखी नसते. मी पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं ओढणीशी चाळा करतात आणि पाय मात्र चालत राहतात. त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ट्रान्स-हार्बरच्या एका फलाटावर ठाण्याच्या गाडीसाठी उभी होते. स्टेशनचं नाव राहू दे. पुढचं सगळं ऐकीव आहे. मी सरळ फलाटाच्या कडेकडे चालू लागले. एका भाजीवाल्या मावशींनी मागून ओढणी धरून खेचलं. मला भान आलं तेव्हा त्या मला थोबाडीत मारत होत्या आणि रडतही होत्या. "मरायचंय तर घरी मर ना गं, आमच्या डोळ्यांदेखत कशाला?" कुणीतरी म्हणालं, प्रेमभंग असेल. झटक्यानंतर थोडा वेळ मला शब्दच सापडत नाहीत, त्यामुळे माझं गप्प राहणं कबुलीत जमा झालं. पोलिसांनी चौकीत बसवून बाबांना फोन केला. बाबा ठाण्यातल्या चरईतून, घरून आले ते काखेत माझी फाइल घेऊन, ईईजी, एमआरआय, सगळं. ती कुणी उघडलीच नाही. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं: मुलीला मी सांभाळीन, पुन्हा असं करू देणार नाही. मी एकतीस वर्षांची होते. घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता. रिक्षात घरापर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री मी ऑपरेशनला हो म्हटलं.

म्हणजे अभ्यास करून हो म्हटलं नाही. आकडे मागाहून वाचले. मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागाच्या पुढच्या केंद्रकात तारा घालायची ही पद्धत अमेरिकेत ११० जणांवर तपासली, निकाल २०१० साली आला. यंत्र सगळ्यांना बसवलेलं, पण साधारण निम्म्यांचं पहिले तीन महिने गुपचूप बंद ठेवलेलं. चालू असलेल्यांचे झटके सुमारे ४० टक्के घटले. बंद असलेल्यांचेही १४.५ टक्के घटले! हे वाचून मी हसले, मग हसू आलंच नाही. कारण माझेही घटलेत, पण मधल्या काळात क्लोबाझाम, म्हणजे माझी फिटची गोळी, तीही वाढवलीय. श्रेय कुणाला द्यायचं? पाच वर्षांनी त्या लोकांची घट ६९ टक्क्यांवर गेली होती, हेही खरं. अमेरिकेत मंजुरी २०१८ साली मिळाली.

आणखी एक, जे आईलाही सांगितलेलं नाही. करंट सुरू झाल्यावर काही महिने मी कारण नसताना रडायचे, बाथरूमचा नळ सोडून. त्या चाचणीतही चालू गटात उदासी आणि विसराळूपणाच्या तक्रारी जास्त होत्या. सेटिंग बदलल्यावर निवळलं. बहुतेक त्यामुळेच.

ऑपरेशनआधीची मी भांडकुदळ होती. अजूनही मनात माझ्याशी भांडते. ती म्हणते, स्कूटी घेऊन घोडबंदरला जायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं? मी म्हणते, लोकलने एकटी जाते ना आता? ती म्हणते, लायसन्स? लायसन्स नाही, आपल्याकडे फिट येणाऱ्याला मिळत नाही. तिथे ती जिंकते.

(लग्नाचं विचारणाऱ्या काकूंसाठी: फिट येते म्हणून लग्न रद्द करायचं कलम हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढलंय.)

आता गळ्याच्या हाडाखालची बॅटरी संपत आलीय. बदलायची तर पुन्हा टेबलावर जायचं, छोटंच ऑपरेशन, पण खर्च आहेच. बाबा म्हणतात, लगेच बदल. माझं एक मन म्हणतं, संपू दे, म्हणजे फरक कशाने पडला ते तरी कळेल. डॉक्टर म्हणाले, असले प्रयोग नकोत, अचानक बंद पडलं तर झटके वाढू शकतात. मी मान हलवली. तारीख अजून घेतलेली नाही.