'यावे' म्हणजे नुसती चावी नव्हे

मेक्सिकोत, केरेतारो शहरातल्या एका कारखान्यात आपल्याकडच्या मशीन बसवायचं काम चालू होतं. मी पुण्याहून दुभाषी म्हणून गेले होते. आमचा फिटर साताऱ्याकडचा, हाताला पक्का. मोबाइलवर रोज थोडं स्पॅनिशही घोकायचा. 'यावे' म्हणजे चावी, हे त्याला पाठ होतं.

त्या दिवशी चाचणीसाठी लाइनमध्ये नुसतं पाणी सोडलं होतं. अचानक एक होज निसटला आणि पाणी इलेक्ट्रिक पॅनेलच्या दिशेनं धावलं. शिडीवरून माएस्त्रो ओरडले, "सिएर्रा ला यावे!" (मुरलेल्या कारागिराला तिकडे माएस्त्रो म्हणतात.) आमचा पोरगा कॉकच्या शेजारीच उभा होता. 'बंद कर' कळलं, 'चावी' कळलं, आणि तो पळाला पॅनेलच्या दाराला कुलूप लावायला! मी पलीकडून ओरडले, "अरे कॉक! मेन कॉक बंद कर!" तसा वळला आणि पिवळा दांडा झटकन पाइपाला आडवा केला. पाणी पॅनेलच्या अलीकडेच थांबलं.

त्याची चूक काढावी असं मला अजिबात वाटलं नाही. शब्द त्याला बरोबर माहीत होता, पण एकटा. मेक्सिकोत घराची चावी यावे, पाण्याचा नळ यावे, लाइनचा कॉक यावे आणि नट आवळायचा पानाही यावेच. स्पेनमध्ये नळाला 'ग्रिफो' म्हणतात, म्हणून तिकडच्या पुस्तकांत नळाच्या जागी यावे सहसा भेटतच नाही. अर्जेंटिनात तर दिव्याचं बटणसुद्धा यावे. मग ओळखायचं कसं? शेजारच्या शब्दांवरून. 'सेर्रार ला यावे' म्हणजे नळ किंवा कॉक बंद करणे (माएस्त्रोंचं 'सिएर्रा' हे 'सेर्रार'चंच आज्ञेचं रूप). 'सेर्रार कोन यावे' म्हणजे कुलूप लावणे. मधल्या एवढ्याशा 'कोन'वर (म्हणजे आपला 'ने', चावी'ने') सगळा अर्थ फिरतो. नाम शिकताना त्याचं क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय सोबत शिकलंच पाहिजे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कळकळीनं सांगत असते.

जेवणानंतर माएस्त्रोंनी हत्यारांचा खण उघडला आणि पोराला जवळ बोलावलं. एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड, तो पाना 'यावे मिक्स्ता'. चाकाचे नट सोडवायचा चार तोंडांचा 'यावे दे क्रूस'. तोंड लहानमोठं करता येणाऱ्या स्क्रू पान्याला स्पेनमध्ये 'यावे इंग्लेसा', म्हणजे इंग्रजी यावे. माएस्त्रो मात्र त्याला 'पेरिका' म्हणत होते. "यावे त्रेसे," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. पोरानं न विचारता तेरा नंबरचा पाना त्यावर ठेवला.

मग मी दोघांना एक गोष्ट सांगितली, मला फार आवडते ती. लॅटिन 'क्लाविस'मधल्या 'क्ल'चा स्पॅनिशमध्ये 'य' झाला आणि पोर्तुगीजमध्ये 'च'. त्या पोर्तुगीज शब्दाचा उच्चार आज 'शाव्ह' असा होतो, पण जुना उच्चार 'च'चा. तोच पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत चावी होऊन राहिला. म्हणजे यावे आणि चावी सख्ख्या बहिणी.

"ताई, खरंच?" पोरगा म्हणाला.

माएस्त्रोंना भलताच प्रश्न पडला होता. त्यांनी मला चारही वस्तूंची मराठी नावं विचारली, 'चावी, नळ, कॉक, पाना' असं बोटांवर मोजलं आणि अगदी मनापासून विचारलं, "एवढे वेगवेगळे शब्द कशाला लागतात तुम्हाला?"