मार्च एंडिंग, गाळा आणि उधारी: माझा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे, प्रिंटिंग आणि बॉक्स, एक गाळा आणि मोजकी माणसं. २०२५ ला ठरवलं की यावेळी सीएकडे शेवटच्या आठवड्यात धावायचं नाही, फेब्रुवारीतच जायचं. मला वाटलेलं नौपाड्यातल्या आमच्या सीए मॅडम कुठे पैसे गुंतवायचे ते सांगतील, पण त्यांनी पहिलंच विचारलं, "कोणाकोणाचं देणं बाकी आहे, लिस्ट आणलीत का?"

कारण १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ४३बी(एच). माल किंवा सर्व्हिस देणारा उद्यममध्ये (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मायक्रो किंवा स्मॉल म्हणून रजिस्टर असेल तर त्याचे पैसे १५ दिवसांत द्यायचे, लेखी ठरलेलं असेल तर जास्तीत जास्त ४५, आणि मुदत उलटून ३१ मार्चलाही बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, जेव्हा द्याल त्या वर्षी धरतात. म्हणजे हातात दमडी नाही आणि कागदावर नफा फुगलेला, त्यावर टॅक्स भरा. आमचा डायवाला (बॉक्स कापायचे साचे बनवणारा) यात येतो, लॅमिनेशनवालाही. पेपरवाला ट्रेडर, त्याला हा नियम नाही (म्हणून त्याचे फोन काही कमी झाले नाहीत).

लिस्ट करता करता डोक्यात आलं, अरे आपण पण उद्यमवाले मायक्रोच की, म्हणजे आपले पैसे थकवणाऱ्यांनाही हाच नियम! मग सगळ्या पार्ट्यांना उद्यम सर्टिफिकेट आणि बाकी बिलांचं लेजर मेल केलं. एरवी ज्यांचं अकाउंट्स फोन उचलत नाही त्यांनी स्वतःहून विचारलं, "बँक डिटेल्स तेच ना?" पैसे आले, त्यातूनच डायवाला आणि लॅमिनेशनवाला दोघांचं जुनं क्लिअर केलं.

मध्येच एक मशीनवाला मागे लागलेला, "सर मार्च एंडिंग आहे, घेऊन टाका, टॅक्स वाचेल." मशीन ४ लाखांचं. मॅडमनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. डेप्रिसिएशन (घसारा, म्हणजे मशीनच्या किमतीतला जेवढा भाग त्या वर्षी खर्च धरतात) १५ टक्के, पण १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मंच, म्हणजे ३० हजारांचा खर्च दिसणार, माझ्या २० टक्क्यांच्या स्लॅबला वाचणार साधारण ६ हजार, तेही मशीन ३१ च्या आत बसून चालू झालं तर. ६ हजारांसाठी ४ लाख कोण घालवतो? कामाला लागेल तेव्हा घेऊ म्हटलं.

ॲडव्हान्स टॅक्सचा (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) शेवटचा हप्ता १५ मार्चला भरला. त्यानंतर एका पार्टीकडून मोठं काम आलं, नफा वाढला, तर फरक ३१ च्या आत भरला, तोही ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरतात.

सगळ्यात वैताग स्टॉकचा. मी आणि आमच्याकडे कामाला असलेला पोरगा संध्याकाळी शटर अर्धं ओढून रिमं मोजत बसलो, तो ओरडून आकडा सांगणार, मी वहीत लिहिणार. खालच्या थप्पीतला आर्टपेपर ओल लागून कडांना लाटेसारखा झालेला. तो खरेदीच्या भावाने धरता येत नाही, जे बाजारात येईल तेच, म्हणजे रद्दीचा भाव. पोरगा म्हणाला, "दादा, याचे बिलबुक करू आपल्यालाच, १ तारखेपासून नवीन नंबर लागणारच आहेत." कडा कापून केले पण.

एका पार्टीने मात्र अजून दिलेले नाहीत. मॅडम म्हणतात छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज मागता येतं, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. पण वर्षाचं निम्मं काम त्यांचंच आहे, त्यामुळे अजून टाकलेलं नाही.