पिको-८ वर लगोरी: काम कुठवर आलं, आणि पंधरा डॉलर वसूल होतात का

पिको-८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी लगोरीचा गेम करते आहे, आणि लगोरी आता पडद्यावर फुटते. चेंडू सात दगडांच्या रचाईला जिथे लागतो तिथून वरचे सगळे दगड उडतात, खालचे जागेवर राहतात. उडालेले दगड जमिनीवर गडगडत जाऊन थांबतात आणि खेळणारा ते एकेक उचलून पुन्हा रचू शकतो. चेंडू मारून बाद करणारी टोळी अजून नुसती उभी आहे, तिचं काम पुढच्या टप्प्यात.

ज्यांना हा प्रकल्प दाखवला त्यांच्यापैकी बऱ्याच हौशी मंडळींनी एकच प्रश्न विचारला: गोडो हे गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट मिळत असताना पिको-८ ला पैसे कशाला मोजायचे? त्याचं उत्तर झालेल्या कामाच्या आधारानेच देते.

आधी व्यवहाराचं. पिको-८ ची किंमत १४.९९ डॉलर, म्हणजे साधारण १,३०० रुपये, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करून घ्यावे लागतात. पैसे एकदाच द्यायचे. वर्गणी नाही, गेम विकला तर त्यातला वाटा द्यायचा नाही, आणि नव्या आवृत्त्या त्याच पैशात मिळत राहतात. विंडोज, मॅक, लिनक्स, रास्पबेरी पाय, सगळ्यांच्या फाइल्स एकाच खरेदीत येतात. हौशी लोक पैसे देऊन घेतात अशा बाकीच्या इंजिनांशी ताडून बघायचं तर आरपीजी मेकर एमझेड ८० डॉलरच्या घरात आहे. गेममेकर नोव्हेंबर २०२३ पासून बिगर-व्यावसायिक वापराला फुकट झालं, पण गेम विकायचा असेल तर एकदाच ९९.९९ डॉलर. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं आणि वर्षभराने ते मागे घेतलं. तेव्हापासून 'आज फुकट आहे' एवढ्यावर भरवसा ठेवून मोठं काम उभं करायला मी धजत नाही.

पिको-८ म्हणजे जोसेफ व्हाइट यांनी कल्पनेतून बनवलेला एक जुन्या धाटणीचा कन्सोल. त्याचा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलचा, रंग १६, आवाजाच्या वाहिन्या ४, बटणं ६, कार्ट्रिज (म्हणजे एका गेमची फाइल) ३२ किलोबाइटचं. कोड लुआ भाषेत लिहायचा आणि तो ८,१९२ टोकनांत बसवायचा (कोडमधला प्रत्येक शब्द, आकडा किंवा चिन्ह म्हणजे साधारण एक टोकन). कोड, चित्रं, नकाशा, आवाज आणि संगीत यांचे पाचही संपादक आतच आहेत. एस्केप दोनदा दाबलं की गेममधून कोडवर येता, कंट्रोल-आर दाबलं की गेम पुन्हा सुरू. दिवसभराची नोकरी करून रात्री तासभर बसणाऱ्या माणसाला हे किती सोयीचं आहे ते वापरल्यावरच कळतं. प्रोजेक्ट उघडतोय, काहीतरी इम्पोर्ट होतंय, अपडेट विचारतंय, यात तासातली वीस मिनिटं जात नाहीत.

आता दगडांकडे येते. सातही दगड तीन-तीन पिक्सेल उंच आहेत, रुंदी खालून वर कमी होत जाते. खरं भौतिकशास्त्र कुठेही नाही. प्रत्येक दगडाच्या दोनच अवस्था: रचाईत कितवा, किंवा जमिनीवर कुठे. चेंडू कितव्या दगडाला लागला ते उंचीवरून काढायचं, त्याच्या वरच्या प्रत्येकाला थोडा वेगळा आडवा वेग आणि वर उसळी द्यायची, मग दर फ्रेमला आडव्या वेगाला ०.९ ने गुणत जायचं. तीस फ्रेमांच्या गतीत हे डोळ्याला पटतं.

परत रचण्याचा नियम ठरवताना मात्र मी बराच वेळ घेतला, आणि तो कारणी लागला असं मला वाटतं. खऱ्या लगोरीत घाईघाईने लहान दगडावर मोठा ठेवला तर रचाई डगमगते. तेच इथे आणलं आहे. वरचा दगड खालच्यापेक्षा चार पिक्सेलहून जास्त रुंद असेल तर सगळं कोसळतं. त्याहून कमी फरक असेल तर चालतं, पण रचाई हलते. मग जवळचा दगड उचलायचा की लांब पडलेला योग्य दगड आणायचा, हा निर्णय पाठीवर चेंडू येत असताना घ्यावा लागतो. माझ्या लेखी या गेमचा जीव एवढ्यातच आहे.

यासाठी सात दगडांचे आकडे साठवायला लागतात: प्रत्येकाचा आडवा अक्ष, उभा अक्ष आणि रुंदी, म्हणजे एकवीस आकडे. ते लुआच्या टेबलमध्ये सरळ लिहिले तर २२ टोकन जातात. तेच स्वल्पविराम देऊन एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, लिहून त्याचे तुकडे करणाऱ्या स्प्लिट फंक्शनला दिले तर दोन टोकन, कारण स्ट्रिंग कितीही लांब असली तरी एकच टोकन मोजली जाते (कंस न लिहिता दिली तर, कंसासकट तीन). 'क्ष = क्ष + १' याला पाच टोकन पडतात, '+=' वापरून तीन. नव्याने येणाऱ्यांना हे टोकन प्रकरण छळ वाटतं. पण सध्या माझी चौथाई टोकनंच खर्ची पडली आहेत. लगोरीएवढ्या गेमला हे पोतं पुरून उरतं. खरा परिणाम वेगळ्याच ठिकाणी होतो. मेन्यू किती असावेत, खेळाडूंना कपडे बदलता यावेत का, पावसाळ्याचं वेगळं मैदान असावं का, हे सगळे प्रश्न मनात येतात आणि ८,१९२ कडे बघून तिथल्या तिथे निकालात निघतात. गोडोत माझे दोन गेम याच प्रश्नांत अडकून आहेत. गोडो उत्तम आहे, मी ते आजही वापरते, पण त्यात काय करायचं नाही ते माझं मलाच रोज ठरवावं लागतं. पिको-८ ला दिलेल्या तेराशे रुपयांत तो निर्णय ठरलेला मिळतो, आणि माझ्यापुरती किंमत तिथेच वसूल होते.

याच कामात असाल तर एक खाचखळगा ध्यानात ठेवा. पिको-८ मधले आकडे ३२,७६८ च्या आतच राहतात, त्यापुढे गेले की उणे बाजूने फिरून येतात. दोन वस्तूंमधलं अंतर काढायला आपण आडव्या आणि उभ्या फरकाचे वर्ग करून बेरीज घेतो. एका पडद्यापुरतं ते जेमतेम बसतं: १२७ चा वर्ग १६,१२९, दोनदा घेतला तर ३२,२५८. माझं मैदान मात्र दोन पडदे रुंद आहे. चेंडू २०० पिक्सेल लांब असेल तर वर्ग ४०,००० यायच्या ऐवजी उणे २५,५३६ येतो, आणि उणे आकडा कुठल्याही त्रिज्येपेक्षा लहानच, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा खेळाडू काही न लागता बाद. उपाय सोपा आहे. आधी आडवा आणि उभा फरक आठच्या आत आहेत का ते बघायचं, असतील तरच वर्ग करायचे. हिशेबही कमी होतो.

रंगांचं काम मला सर्वांत आवडलं. सोळा रंगांत अंगाच्या रंगासाठी बहुतेक जण १५ क्रमांकाचा, फिका पीचसारखा, वापरतात. आपल्या गल्लीतली पोरं त्या रंगाची दिसत नाहीत. मी ४ क्रमांकाचा, तपकिरी, घेतला. पण मग तपकिरी माती चालत नाही, पोरं मातीत दिसेनाशी होतात. पिको-८ कडे आणखी सोळा रंग राखीव आहेत. त्यातला कुठलाही मूळच्या एखाद्याच्या जागी बसवता येतो, मात्र एका वेळी पडद्यावर सोळाच. त्यातला १४३ क्रमांकाचा, उन्हात तापलेल्या मातीसारखा, मैदानाला दिला आणि १३२ चा गडद तपकिरी सावल्यांना. दगड करडे, कडा गडद निळी. आता तो आपल्याकडचा काळा फत्तर वाटतो. आवाजाचं थोडक्यात: दगडावर दगड आपटण्यासाठी नॉइज लहरीचा एकच स्वर, फेड आउट लावून. रचाईत दगड जितका वर, तितका स्वर चढा. सातवा दगड बसतो तेव्हा कानालाही कळतं.

मराठी अक्षरांच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगायला हवं. पिको-८ च्या २५६ अक्षरांच्या संचात इंग्रजी आहे, जपानी काना आहेत, देवनागरी नाही. स्वतःचा फॉन्ट मेमरीत भरायची सोय आहे: प्रत्येक अक्षर आठ बाय आठ, दर ओळीला एक बाइट. मी करून बघितलं. वरच्या दोन ओळी वेलांटी आणि मात्रांना, तिसरी शिरोरेषेला, उरलेल्या पाचांत अक्षराचं अंग. उकाराला जागाच उरत नाही. 'ग', 'र', 'ल' ओळखू येतात, 'क्ष' आणि 'ज्ञ' नुसते ठिपके होतात. जोडाक्षरं आपोआप जुळत नाहीत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आपणच ठेवायची. म्हणून फॉन्टमध्ये फक्त दहा अंक ठेवले. त्यातही १ आणि ९ सारखे दिसत होते, म्हणून ९ ची गाठ एक पिक्सेल बाहेर काढली. 'लगोरी', 'बाद' आणि 'जिंकलात' हे शब्द अक्षरं म्हणून न छापता चित्रं म्हणून काढले. तीन शब्दांच्या गेमला हे परवडतं. गोष्ट सांगणारा, संवाद असलेला मराठी गेम करायचा असेल तर पिको-८ घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. गोडोची चौथी आवृत्ती देवनागरी नीट जुळवून दाखवते, त्या कामाला तेच योग्य.

वाटण्याचा प्रकार फार सुंदर आहे. कार्ट्रिज १६० बाय २०५ च्या पीएनजी चित्रातच साठतं. प्रत्येक पिक्सेलच्या रंगांतले सर्वांत खालचे बिट वापरून एका पिक्सेलमागे एक बाइट लपवलेला असतो. म्हणजे चित्र हाच गेम. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की चित्र दाबलं जातं आणि आतला गेम जातो, त्यामुळे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्यांच्याकडे पिको-८ नाही त्यांच्यासाठी एचटीएमएल निर्यात आहे. ती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पडद्यावरच्या बटणांसकट चालते. माझ्या भाच्याने गेम असाच खेळला.

आणि इतरांची कार्ट्रिजं उघडून वाचता येतात. २०१५ साली मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत बनवलेला मूळ 'सेलेस्ट' पिको-८ वरचाच. त्यातूनच पुढे २०१८ चा मोठा गेम आला. तो छोटा गेम उघडा, एस्केप दाबा, उडी कशी लिहिली आहे ते समोर दिसतं. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येण्याची सवलत त्यात कशी ठेवली आहे, हे वाचून माझ्या खेळाडूच्या पळण्यात मी सुधारणा केली. असं शिकायला मला दुसरीकडे इतक्या सहज मिळालेलं नाही.

टिक-८० या पिको-८ सारख्याच काल्पनिक कन्सोलचं नाव निघणारच. ते मुक्तस्रोत आहे, पडदा २४० बाय १३६ म्हणजे ऐसपैस, टोकनांची अट नाही, लुआशिवाय इतरही भाषा चालतात. पैसे अजिबात खर्चायचे नसतील तर ते घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मला पिको-८ चे संपादक हाताला जास्त बसले आणि वाचायला कार्ट्रिजांचा साठा जास्त मिळाला, एवढाच फरक. शिवाय पिको-८ ची शैक्षणिक आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते. आधी तिच्यात एखादा चेंडू उसळवून बघा. आठवड्याने पुन्हा उघडावंसं वाटलं तर पैसे भरा. शाळकरी मुलांना शिकवणाऱ्यांना तर मी तीच सुचवेन.

त्रिमितीय काही करायचं असेल, प्ले स्टोअरवर विकायचं असेल, तर यात पैसे घालू नका. संध्याकाळचा तासभर मिळतो आणि एक लहान, पूर्ण गेम हातून व्हावा अशी इच्छा आहे, त्यांनी बिनधास्त घ्या.

आता मारणाऱ्या टोळीचं काम. संगणकाने चालवायच्या टोळीआधी मी दोन माणसांचा डाव करणार आहे, कारण पिको-८ एकाच कीबोर्डवर दोन खेळाडू धरतं: एकाला बाणांची बटणं, दुसऱ्याला डावीकडची ई-एस-डी-एफ. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली तर एखादं नोंदवलं जात नाही, त्यामुळे फेकण्यासाठी बटण दाबून धरायला लावायचं की नुसतं टिचकी मारून चालेल, हे आधी ठरवते. तुमच्याकडे जुना कीबोर्ड असेल तर उजवा बाण, वरचा बाण, एफ आणि ई एकदम दाबून चारही नोंदवले जातात का ते बघून कळवा.