टॅलाहॅसीचा ‘इलेव्हन’

अटलांटाहून फ्लोरिडाला निघालेली मंडळी सहसा आय-७५ महामार्ग धरून सरळ खाली जातात. आम्ही कॉर्डीलला तो सोडला आणि ऑल्बनीच्या रस्त्याला लागलो. मार्च महिना. दोन्ही अंगांना पिकॅनच्या बागा, झाडांना अजून पालवी फुटलेली नव्हती, त्यामुळे रांगांमधून पार पलीकडचं दिसत होतं. ऑल्बनीच्या जरा वर लीसबर्ग म्हणून छोटंसं गाव आहे. बस्टर पोझी तिथला. २०१०, २०१२ आणि २०१४ अशी तीनदा बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टीरक्षकच. पण पोझी कॅचर झाला तो टॅलाहॅसीत, कॉलेजात असताना. त्याच्या त्या कॉलेजच्या कोचचं मैदान बघायला मी निघाले होते.

गाडी मावसभाऊ चालवत होता. त्याची मुलगी फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. तो लेकीला भेटायला निघालेला आणि मी माइक मार्टिनसाठी, पोझीच्या त्या कोचसाठी.

थॉमसव्हिल मागे पडलं की रस्त्यावर ओकच्या फांद्यांची सावली धरते आणि त्या फांद्यांवरून करडा स्पॅनिश मॉस लोंबत असतो. फ्लोरिडा म्हटल्यावर समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो, पण राजधानीचं हे शहर लाल मातीच्या टेकड्यांवर वसलंय. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा स्टेडियमचे दिवे लागले होते. शेजारी फुटबॉलचं अवाढव्य डोक कॅम्पबेल स्टेडियम, आणि त्याच्या बाजूला हे विटांचं, बेताचं, सहा-साडेसहा हजार माणसं बसतील एवढं.

मैदानाचं पूर्ण नाव ‘माइक मार्टिन फील्ड अॅट डिक हाउझर स्टेडियम’. या दोन नावांत कॉलेज कोचच्या नोकरीचे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. डिक हाउझर याच विद्यापीठाचा खेळाडू, इथला पहिला ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवडलेला. १९७९ साली एक हंगाम इथे मुख्य कोच होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीज या व्यावसायिक संघाने त्याला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, म्हणून नेलं. १९८५ मध्ये त्याच्या हाताखाली कॅन्सस सिटी रॉयल्स जगज्जेते झाले आणि दोन वर्षांनी, एक्कावन्नाव्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने तो गेला. तो यँकीजकडे गेल्यावर रिकामी झालेली टॅलाहॅसीतली खुर्ची त्याच्या साहाय्यकाला, माइक मार्टिनना, मिळाली, ती १९८० च्या हंगामापासून. तो साहाय्यक २०१९ पर्यंत तिथेच राहिला.

मार्टिन मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे. याच विद्यापीठाकडून खेळले, १९६५ साली खेळाडू म्हणून ओमाहाला, कॉलेज बेसबॉलच्या शेवटच्या फेरीला, जाऊन आले. मग काही वर्षं व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या, छोट्या लीगमध्ये काढली, वरची पायरी काही चढता आली नाही. परत आले, शाळेत शिकवलं, गावातल्या कम्युनिटी कॉलेजात चक्क बास्केटबॉलचे कोच झाले. नंतर बेसबॉलचे साहाय्यक. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेज कोचांची सुरुवात अशीच होते. मुख्य कोच होण्याआधी बरीच वर्षं पडेल ते काम करायचं.

आणि मुख्य कोच झाल्यावरही काम फक्त मैदानावरचं नसतं. कितीतरी वर्षं पहिल्या श्रेणीतल्या कॉलेज संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या देता यायच्या. पस्तीस पोरांच्या संघात त्या सत्तावीस जणांपर्यंत तुकडे करून वाटायच्या. कुणाला पाव, कुणाला निम्मी, कुणाला काहीच नाही. आता ती मर्यादा गेली, त्याऐवजी संघात ३४ खेळाडू असा नियम आलाय. पण मार्टिनांची बरीचशी कारकीर्द अशाच हिशेबात गेली. प्रत्येक शिष्यवृत्तीमागे कोणाच्या तरी घरी जाऊन आई-वडिलांसमोर बसणं आलं. पोरगा चांगला निघाला की तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक संघ उचलून नेणार हे ठरलेलंच. दरवर्षी नवा संघ, दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून. असं चाळीस वर्षं.

पोझीची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. तो आला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक म्हणून आणि पहिलं वर्ष तिथेच खेळला. दुसऱ्या वर्षी कोच मंडळींनी त्याला कॅचर केलं. २००८ मध्ये त्याने .४६३ च्या सरासरीने २६ होम रन मारले आणि कॉलेज बेसबॉलमधला सर्वोच्च मान, गोल्डन स्पाइक्स पुरस्कार, घेतला. त्याच मोसमात सव्हाना स्टेटविरुद्ध एकाच सामन्यात तो नऊच्या नऊ जागांवर खेळला आणि वर ग्रँड स्लॅमही, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होम रन, ठोकला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर यष्टीरक्षकाने गोलंदाजी करून सीमारेषेवरही उभं राहावं, आणि सामनाही मारून न्यावा!

आम्ही बसलो होतो तिथून घरच्या संघाचा डगआउट नीट दिसत होता. प्रत्येक चेंडूआधी कॅचर मनगटाकडे बघायचा आणि मगच पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, खूण करायचा. कॉलेजमध्ये कुठला चेंडू टाकायचा हे बहुतेक वेळा डगआउटमधून ठरतं. आणि कोच स्वतः खेळाडूंच्याच गणवेशात असतो, पाठीवर क्रमांक घालून. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हे दृश्य पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. मार्टिनांचा क्रमांक ११. म्हणून ते सगळ्यांचे ‘इलेव्हन’. वयाच्या पंचाहत्तरीतही तोच गणवेश चढवून ते पिचरशी बोलायला मैदानात जात.

पाचव्या इनिंगच्या मध्यावर भाचीने मला कोपराने ढोसलं. “आत्या, ऊठ ना, सेक्शन बी गाणार आता.” आणि फ्लोरिडाच्या राजधानीत, जॉर्जियाच्या सीमेपासून जेमतेम अर्ध्या तासावर, लोक उभं राहून खड्या आवाजात ‘ओ कॅनडा’ गाऊ लागले. ‘अॅनिमल्स ऑफ सेक्शन बी’ म्हणवणाऱ्या इथल्या कट्टर प्रेक्षकांची ही जुनी प्रथा. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाईंना सगळे शब्द पाठ होते. त्यांच्या हातातली गुण लिहायची वही पार झिजलेली होती, पेन्सिल रबरबँडने वहीला बांधलेली. मी मार्टिनांचं नाव काढल्यावर त्यांनी वही मिटली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून बसल्या. पुढची एक इनिंग त्यांनी लिहिलीच नाही.

मार्टिनांच्या नावावर २,०२९ विजय आहेत. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बेसबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कुणाचेच नाहीत. चाळीसच्या चाळीस हंगामांत संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचला, आणि प्रत्येक हंगामात किमान चाळीस सामने जिंकले. सतरा वेळा ते संघ घेऊन ओमाहाला गेले. तिथे दरवर्षी जूनमध्ये शेवटच्या आठ संघांची कॉलेज वर्ल्ड सिरीज होते. १९८६ मध्ये अंतिम सामन्यात ॲरिझोनाने हरवलं, १९९९ मध्ये मायामीने, तेही ६-५ असं एका धावेने. विजेतेपद एकदाही नाही.

“सतरा वेळा जाऊन एकदाही नाही?” भाऊ म्हणाला. “मग मोठा कोच कसा म्हणायचा? सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेडोंची अकरा विजेतेपदं आहेत, एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेटच्या, बर्टमनची पाच.”

मला हा हिशेब पटत नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं. ओमाहात दोन सामने हरलात की बॅग भरायची. एखाद्या पोराचा खांदा दुखावला, वारा उलटा वाहिला, एक चेंडू हातातून निसटला, की वर्ष गेलं. फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला संघ उभा करणं मात्र नशिबावर चालत नाही, निदान चाळीस वर्षं तरी नाही. २०१९ चंच बघा. शेवटचा हंगाम हे आधीच जाहीर झालेलं. संघ अडखळत होता, ३६ विजय आणि २१ पराभव अशा जेमतेम कामगिरीवर स्पर्धेत शिरला. मग अथेन्समध्ये, जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर, तिन्ही सामने जिंकले. बॅटन रूजला एलएसयूला पाठोपाठ दोनदा हरवलं, दुसऱ्यांदा बाराव्या इनिंगमध्ये. त्यातला पहिला विजय त्या वर्षातला चाळिसावा! ओमाहात आर्कान्सॉला १-० ने नमवलं, मग मिशिगन आणि टेक्सस टेककडून हार, आणि कारकीर्द संपली.

१ फेब्रुवारी २०२४ ला मार्टिन गेले. शेवटची वर्षं लेवी बॉडी डिमेन्शियात गेली. दोन आठवड्यांनी नवा हंगाम सुरू झाला. संघाची सूत्रं लिंक जॅरेटकडे होती, १९९१ ते ९४ या काळातला मार्टिनांचाच शॉर्टस्टॉप. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याच्या हाताखाली संघाने २३ सामने जिंकले आणि ३१ हरले, सलग ४४ वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची परंपरा तुटली. लोक नाराज होते. आणि २०२४ मध्ये तोच संघ ओमाहात! तिथे टेनेसीने दोनदा हरवून घरी पाठवलं आणि पुढे अजिंक्यपदही मिळवलं. हे सांगताना त्या आजीबाईंचे डोळे भरून आले, आणि खरं तर माझेही.

टेनेसीचा तो कोच टोनी व्हिटेलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्याला थेट मॅनेजर नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये कधी खेळाडू नाही, कोच नाही, आणि कॉलेजच्या डगआउटमधून एकदम तिथे! असं आधी कधी झालं नव्हतं. नेमणूक करणारा कोण? जायंट्सचा बेसबॉलप्रमुख बस्टर पोझी. कॉलेजचा कोच काय चीज असतो हे त्याने टॅलाहॅसीत तीन वर्षं जवळून पाहिलेलं होतं. परतीच्या वाटेवर भाऊ यावर बराच वेळ गप्प होता. “बरं, पण एक तरी जिंकायला हवं होतं,” एवढंच म्हणाला. तेवढं मलाही मान्य आहे.

जायचं असेल तर हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत असतो. मालिका बहुतेक शुक्रवार ते रविवार. शुक्रवारीच जा, त्या दिवशी दोन्ही संघ आपला सर्वांत चांगला पिचर उतरवतात, आणि पाचव्या इनिंगला खाणं आणायला उठू नका.