ट्रेलरची तपासणी

मिनेसोटात राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबे लेक सुपीरिअरमध्ये शिरलेल्या कीविनॉ द्वीपकल्पात स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या छोट्या गाड्या, चालवायला जातो, आणि त्या वाहून नेणारा ट्रेलर माझा असल्यामुळे त्याची तपासणीही माझ्याच गळ्यात पडते.

अंगणात नुसते उभे राहिलेले टायर वरून कितीही धडधाकट दिसले, तरी त्यांच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकातील शेवटचे चार आकडे मी आधी पाहतो. या वेळी ते ३४१४ निघाले, म्हणजे टायर बनले तो २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. दोन्ही टायर मुकाट्याने बदलले.

खरी डोकेदुखी बेअरिंगची असते. ट्रेलर जॅकवर उचलून चाक हाताने फिरवले, तेव्हा जात्यात खडा अडकावा तशी घरघर ऐकू आली, आणि टोपण काढल्यावर आतले ग्रीस दुधाळ झालेले दिसले. पाणी शिरले होते. बेअरिंग आणि सील, दोन्ही नवी घातली. मागचे दिवे लुकलुकण्याचे कारण मात्र क्षुल्लक निघाले: रस्त्यावरच्या मिठामुळे अर्थिंगच्या तारेचे टोक हिरवट गंजले होते.

ट्रेलर गाडीला जोडताना सुरक्षा साखळ्या त्याच्या पुढच्या दांड्याखालून एकमेकींना छेदून घ्याव्यात, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट पहिल्या पन्नासेक मैलांनंतर पुन्हा आवळावे लागतात. त्यामुळे पेट्रोलपंपावर उणे २० अंश सेल्सिअसमध्ये मी पाना घेऊन गुडघ्यावर बसलो होतो आणि बाकीची मंडळी गाडीत बसून थर्मासमधला चहा संपवत होती.