स्थळप्रत

गेली बावीस वर्षं मी मालवणच्या आणि ओरोसच्या कोर्टात दिवाणी कामं चालवतो. वाटपाचे दावे, पायवाटेची भांडणं, कलमांच्या बागेतली हद्द. एका राजकीय पक्षाचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न घेऊन अशील आला तो एकदाच. पक्ष छोटा, आमच्या किनाऱ्यावरच्या दहा-बारा वाड्यांपुरता. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, आणि मासे विकणाऱ्या बायका यांच्या बळावर एका निवृत्त गुरुजींनी उभा केलेला. गुरुजी गेले आणि दोन महिन्यांत पक्षाला दोन अध्यक्ष झाले. उपाध्यक्षांनी मंगल कार्यालयात सभा घेतली, सरचिटणीसांनी शाळेत. दोघांनीही निवड झाल्याची पत्रं दिल्लीला निवडणूक आयोगाकडे धाडली. उपाध्यक्ष माझे अशील.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. "वकीलसाहेब, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचं, आयोगानेच सांगितलं ना? मग आमचंही सांगेल." १७ फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४ चे ते दोन्ही निकाल खरेच होते. पण ते ज्या तरतुदीखाली दिले गेले, तो १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशातला परिच्छेद १५ मान्यताप्राप्त पक्षांपुरता आहे. फूट पडली की राखीव चिन्ह कोणाकडे जायचं, एवढाच त्याचा विषय. सादिक अली खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली बहुमताची कसोटीही तिथलीच: संघटनेत किती, आमदार-खासदार किती. गुरुजींच्या पक्षाचा ना आमदार, ना राखीव चिन्ह. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९अ खाली नोंदणी, एवढंच. अशा पक्षातलं भांडण दिवाणी न्यायालयातच सोडवावं लागतं. आणि आम्ही न्यायाधीशांपुढे बसलो की पहिला प्रश्न येणार: पक्षाची घटना कुठे आहे, सभासद कोण आहेत?

कागद गुरुजींच्या घरी होते. दोन्ही बाजूंच्या वकिलांसमक्ष कपाट उघडायचं ठरलं. ऑक्टोबरचा महिना, भातकापणी सुरू, चिऱ्याच्या घराच्या पडवीतसुद्धा अंग भाजत होतं. समोरच्या बाजूने आलेला वकील एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकलेला. दोन्ही गटांचे पंचवीस-तीस लोक खळ्यात, दोन टोकांना. मधे तुळशीवृंदावन. गुरुजींच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणतात, किल्ली घेऊन आल्या आणि काही न बोलता कपाट उघडून बाजूला झाल्या.

वाळवी. वरचे दोन खण पोकळ झाले होते. बोट लावलं की फायलीची माती होई. पत्रकं, सभांचे फोटो, इतिवृत्ताच्या वह्या, सगळं गेलेलं. कोकणात कागद सांभाळणं किती कठीण हे मला रोज दिसतं, सातबाऱ्याच्या जुन्या नकला अशाच गेलेल्या पाहिल्यात. तरी त्या वेळी घशाशी आलं. एका माणसाने आयुष्यभर लिहिलेलं होतं ते. सरचिटणीस तोंड फिरवून उभे राहिले. माझे अशील मात्र माझ्या कानाशी म्हणाले, "बरं झालं. आता आमची यादी हीच यादी." ते ऐकून मला वाईट वाटलं. मी त्यांना तसं सांगितलंही.

तेवढ्यात काकी म्हणाल्या, "सभासदांचं ते तिथे ठेवत नव्हते." आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं, तर कापूर आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. त्याखाली पक्षाची घटना, सभासद नोंदवही आणि पावतीपुस्तकं.

घटना गुरुजींच्याच अक्षरात, बोरूने काढल्यासारखी. पहिल्या पानावर संविधानावरची निष्ठा आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांना बांधील असल्याचं वाक्य. नोंदणीसाठी कायद्यानेच ते घालावं लागतं. आम्हाला हवं होतं ते पुढे होतं. वार्षिक वर्गणी दहा रुपये. वर्गणी थकली की सभासदत्व बंद, पदाधिकारी असो वा नसो. थकबाकीदाराला मत नाही, उमेदवारी नाही. आणि एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली तर पंधरा दिवसांच्या नोटिशीने सर्वसाधारण सभा बोलावता येईल.

मी आणि माझा जुना ज्युनिअर शेजारी बसलो आणि स्थळप्रती, म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरलेल्या प्रती, उलटू लागलो. तो नाव वाचायचा, मी नोंदवहीत खूण करायचो. दीड तास. खळ्यातला आवाज हळूहळू बसला. नोंदवहीत नावं शंभरावर, नोंदणीच्या वेळी शंभर तरी सभासद दाखवावे लागतातच. त्यातली कित्येक माणसं आज हयात नाहीत. चालू वर्षाच्या स्थळप्रती भरल्या एकतीस. माझ्या अशिलांची शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची. सरचिटणीसांची तीन वर्षांपूर्वीची. दोन्ही सभांना मिळून एवढी माणसं जमली, हात वर झाले, हार घातले, आणि त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. ज्यांना अध्यक्ष केलं त्या दोघांनाही नव्हतं.

एकतीसपैकी बावीस बायका. जवळजवळ सगळ्या मासे विकणाऱ्या. कित्येक पावत्या जून-जुलैच्या, म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच्या. त्या दोन महिन्यांत सुक्या बाजारावर, म्हणजे सुकवलेल्या मासळीवर, घर चालतं. त्यातून काढलेले दहा रुपये होते ते.

आम्ही दोघा वकिलांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याच अशिलांविरुद्ध जाणारं होतं, पण डबा सगळ्यांसमोर उघडला होता आणि लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझे अशील उसळले. "मी या पक्षासाठी बोट उभी ठेवली, डिझेल घातलं, आणि दहा रुपयांवरून मला बाहेर काढता?" त्यांनी खरंच घातलं होतं, गावाला माहीत आहे. रागात खोटेपणा नव्हता.

पायरीवर बसलेल्या एका मावशीने उत्तर दिलं. सकाळची विक्री आटपून ती थेट आली होती, रिकामी पाटी बाजूला. "गुरुजी सांगत, पावती नाय तर सभासद नाय. म्हणान मी दर वर्साक धा रुपये भरलंय. तेंची बायलसुद्धा भरता." काकींनी मान हलवली. त्यांची पावती होती, नऊ नंबरची. "मगे ह्या दोन सभांक आमका कोणी बोलवल्यान?"

कोणी बोलावलं नव्हतं. दोन्ही नोटिसा व्हॉट्सअॅपवर फिरल्या होत्या आणि त्या गटांत या बायका नव्हत्या.

सरचिटणीस बराच वेळ गप्प होते. मग खळं ओलांडून पडवीत आले आणि थकबाकीचे तीस रुपये काकींपुढे ठेवले. पावती फाडायचा अधिकार आता कोणाला, असं काकींनी मला विचारलं. घटनेत खजिनदार होता, तो मुंबईला. मी म्हटलं, तूर्त पैसे घेऊ नका. सरचिटणीसांनी नोटा परत खिशात घातल्या. माझे अशील तोवर गाडीत बसले होते. संध्याकाळी त्यांनी फोन करून फाइल मागवली. मी दुसऱ्या दिवशी वकीलपत्र सोडत असल्याचं पत्र लावून ती पाठवून दिली.

पाचव्या दिवशी काकींचा फोन आला. सभेची लेखी मागणी आली होती, वहीच्या फाडलेल्या पानावर. एकतीसचा तिसरा हिस्सा म्हणजे अकरा सह्या हव्या होत्या. काकींनी मला त्या वाचून दाखवल्या. चौदा होत्या, आणि प्रत्येक सहीपुढे पावतीचा नंबर.